बीजीची भाषा मी बंद केली

माझी आई, आम्ही तिला बीजी म्हणायचो, जालंधरजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन पुण्यात आली. वडिलांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मी शिकले मराठी शाळेत, म्हणून आज हे मराठीत लिहिते आहे. पण घरात पाऊल टाकलं की आम्ही पंजाबीच बोलायचो. वडील गेल्यावर बीजी माझ्याकडे बिबवेवाडीला राहायला आली. माझे यजमानही इथंच वाढलेले पंजाबी, तेव्हा भाषेचा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं.

तो आला मुलगी बालवाडीत गेल्यावर. नव्वदचं दशक होतं. सोसायटीतल्या प्रत्येकाला मुलांच्या इंग्रजीची घाई झाली होती. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "अहो, मुलगी गोंधळते. इंग्रजीच्या तासाला भलतंच काहीतरी बोलते. घरी जरा आवरा."

मी घरी आले आणि आवरलं. बीजी नातीला मांडीवर घेऊन भरवत होती.

"बीजी, एदे नाल पंजाबी ना बोल्या करो," मी म्हणाले. हिच्याशी पंजाबी बोलत जाऊ नका.

तिचा घास हातातच राहिला. "ते फिर मैं की बोलां?"

मग मी काय बोलू? मी म्हणाले, "हिंदी बोला. येते की तुम्हाला." येत होती थोडीफार, भाजीवालीशी बोलण्यापुरती. त्या दिवसापासून ती नातीशी शब्द शोधत शोधत बोलू लागली. गोष्टी सांगणं हळूहळू थांबलं. मी आणि यजमानही मुलीसमोर हिंदी आणि इंग्रजी बोलायचो, आणि मग मुलगी समोर नसतानाही तेच. बीजीनं कधी तक्रार केली नाही. मला ते बरंच वाटलं.

मुलगी हुशार निघाली. इंजिनिअर झाली, खराडीच्या आयटी कंपनीत लागली. माझ्या निर्णयाचं मी मनातल्या मनात कौतुक करत असे.

मग बीजीला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि तिची हिंदीही गेली. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं, कधीकधी पहिली भाषा तेवढी उरते. आता ती तुटकतुटक बोलायची ते फक्त पंजाबी.

जानेवारीत एका दुपारी मला पेन्शनच्या कामासाठी बँकेत जावं लागलं. मुलगी घरूनच काम करत होती. "नानीकडे बघ गं," एवढंच सांगून मी गेले. परत यायला तीन तास लागले.

दार उघडलं तेव्हा मुलगी रडवेली झाली होती. "आई, ती सारखी पाला पाला म्हणतेय. मी कोथिंबीर दाखवली, मेथी दाखवली, तर हात झटकते. खिडकीकडे बोट करते, म्हणून मी खिडकी पूर्ण उघडली. मग कण्हायला लागली, म्हणून पंखा लावला."

मी आत धावले. बीजीचे ओठ निळसर पडले होते, दात वाजत होते. पंजाबीत पाला म्हणजे थंडी. तीन तास ती नातीला खिडकी बंद कर म्हणून विनवत होती, आणि माझी गुणी, तीन भाषा येणारी मुलगी ती आणखी उघडत होती.

मी तिला दोन रजयांत गुंडाळलं, छातीशी धरलं. "आई, मला कसं कळणार होतं?" मुलगी दारातून विचारत राहिली. तिचं काय चुकलं होतं? मला तोंड वर करून तिच्याकडे बघवेना.

रात्री ताप चढला. न्यूमोनिया. अकरा दिवस बीजी दवाखान्यात होती. मुलगी रोज माझ्याकडून शब्द विचारून मोबाईलवर लिहून घ्यायची, आणि खाटेशी वाकून शाळेतल्या पोरीसारखी म्हणायची, "नानी, पीड़ हुंदी ए?" दुखतंय का? बीजी तिच्याकडे बघायची, पण तोवर तिचं बोलणं थांबलं होतं. बाराव्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, या वयात न्यूमोनिया कशानंही होतो. मी मान डोलावली.

आता पंजाबी बोलायला मला कोणी नाही. यजमान हिंदीत उत्तर देतात. मी एक वही केली आहे, बीजीचे शब्द आठवतील तसे देवनागरीत लिहिते. गुरमुखी मला येत नाही, ती शिकावी असं कधी वाटलंही नाही. परवा एका शब्दावर अडले. हिवाळ्यात आमच्या हातांची कातडी फुटायची, त्याला ती काहीतरी म्हणायची आणि तूप चोळायची. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी वाघोलीला राहणाऱ्या भावाला फोन लावला. माझ्याशिवाय ते ऐकलेला आता तोच एक आहे.

"ड्राय स्किन म्हणायची असेल," तो हिंदीत म्हणाला.

"बीजी ड्राय स्किन म्हणेल का? नीट आठव ना."

तो म्हणाला, "नाही गं आठवत. मीटिंग आहे, ठेवतो."

वहीत ती ओळ मी कोरी सोडली आहे.