काळी चार सोडताना

गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सहा महिने गाऊ नका. मी चौदा महिने लोकांसमोर गायले नाही.

दिंद्रुडच्या आमच्या गायन पार्टीत मी पंचवीस वर्षं गात होते, पेटीवर माझे मालक. माझी पट्टी काळी चार, पेटीवरचा उंच सूर, आणि तिची मला भारी ऐट. आमच्यात बाई कुठल्या पट्टीत गाते हे आधी विचारतात, काय गाते ते मागून. शिरूर कासारची एक गायिका वयामुळे काळी दोनवर उतरली, तेव्हा ‘बसली आता ती’ म्हणून मीही हसले होते. ऑपरेशननंतर घरात कोणी नसलं की मी काळी चार लावून बघायची. वर गेलं की आवाज फाटायचा. मग दिवसभर कोणाशी धड बोलायची नाही.

त्यात पौर्णिमेला विहारात कार्यक्रम ठरला आणि पत्रिकेत मला न विचारता माझं नाव छापून आलं.

लेक बीडला शिकते. तिच्या कॉलेजच्या मैदानावर एका जुन्या रॉक गायकाचा कार्यक्रम होता. “मम्मी, ये की, तेवढाच जीव रमंल,” म्हणाली. गेले.

सत्तरीचा माणूस, पाठीवर पांढऱ्या केसांची शेपटी, गळ्यात गिटार. ड्रमचे ठोके थेट छातीत बसत होते. गाणी इंग्रजी, शब्द एकही कळला नाही, पण गळा मला कळतो. दुसऱ्याच गाण्यात तो वर गेला आणि आवाज फाटला, अगदी माझ्यासारखा. मी असते तर खोकल्याचं सोंग केलं असतं. त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि हिंदीत सांगितलं, हे गाणं तरुणपणी बांधलेलं आहे, आता तिथं पोहोचत नाही, खाली घेतो. गिटारवाल्यांनी पट्टी उतरवली. त्याने गाणं पहिल्यापासून म्हटलं. पोरं नाचतच राहिली. खाली ते गाणं जड झालं, खरखरीत झालं, आणि मला जास्त आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत माझं एक जुनं गाणं मी तसंच खाली घेऊन गुणगुणत होते. शेजारची बाई बघायला लागली तेव्हा गप्प बसले.

घरी येऊन चार दिवस तोंड उघडलं नाही. मालक काय म्हणतील, पार्टीतले काय म्हणतील. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेवटी मीच मालकांना म्हणाले, “अवो, उद्या काळी दोन धरा.”

त्यांनी मान वर केली नाही. पेटी ओढली आणि माझ्या पहिल्या गाण्याची सुरुवात काळी दोनवर वाजवून दाखवली. पट्टी बदलली की बोटांची सगळी जागा बदलते, नवी पट्टी अशी हातात येत नाही. त्यांचं बोट एकदाही अडखळलं नाही.

“कवा बसवलं?”

“वरीस झालं. तू भाईर गेलीस की बसायचो. सगळी गाणी बसवलीत. तुला म्हणायचा धीर न्हाई झाला.”

मला आधी रागच आला. वर्षभर एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांपासून चोरून रियाज करत होतो. मग रडू आलं, आवरेचना. ते भाता हलवत एकच सूर धरून बसले, मी कधी सुरू करते याची वाट बघत.