बसून वाजवायची ढोलकी

माझी शाळा चौथीतच सुटली. मास्तर शिकवत असायचे आणि माझी बोटं पाटीवर चालायची. पाठीत धपाटा बसला की थांबायची, मास्तर फळ्याकडं वळले की पुन्हा सुरू. ही खोड कुठून आली ते घरात कोणी बोलायचं नाही. मला वाटायचं, माझी मीच काढलीय.

खरं तर माझा बा मावळात नावाजलेला हलगीवाला. पण मी अगदी लहान असताना आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला आणि गावकीची कामं सोडली. गावाच्या पालखीपुढं, लग्नापुढं उभं राहून हलगी वाजवायची, हे त्या कामांतलंच एक. बानं ती खाली ठेवली, त्यानंतर आमच्या घरात कातड्याचं वाद्य आलं नाही, की त्याचा विषय निघाला नाही.

एका पोळ्याला गावानं लांबून हलगीवाला आणला होता. बैल मारुतीपुढं थांबले, तसा तो बिडी ओढायला टेकला. मी म्हणालो, "मामा, जरा देता का?" त्यानं हसत दिली. मी वाजवली. कशी ते मला सांगता येणार नाही, हात जणू आधीच शिकून बसले होते. त्याची बिडी तशीच विझली. "कुनाचं रं तू?" एवढंच त्यानं विचारलं.

दसऱ्याच्या आधी पाटील आमच्या दारात.

"अरं, पोरानं तुजा हलगीचा हात उचललाय. दसऱ्याच्या पालखीम्होरं उभं कर त्याला."

"न्हाई, पाटील."

"गावाचं पोर असताना बाहेरचा मानूस आनायचा का आमी?"

"पोर माजं हाय. गावाचं न्हाई."

"लय ताठ झालास की रं."

"व्हय. जरा उशीरच झाला," बा म्हणाला.

पाटील गेले आणि मी भाकरीवरून उठलो. मला पालखीचं काही नव्हतं, मला वाजवायचं होतं. रात्रीही जेवलो नाही. हट्ट माझा तेव्हापासूनचा, आणि तो कोणाकडून आला हे सांगायला नको. आई वैतागली, "दोन रेडं एका दावनीला बांधल्यात माज्या!"

दुसऱ्या दिवशी बा बोलला. "वाजवायचंय न्हवं? बसून वाजव. सतरंजीवर. कुनी बोलावलं म्हून कुनाच्या म्होरं उभं ऱ्हायाचं न्हाई."

आज पंच्याहत्तरीतही मी ते पाळतो. कोणी कार्यक्रमाला बोलावलं की आधी विचारतो, सतरंजी आहे का?

माझा चुलता वलवणला राहायचा, गायनपार्टीत ढोलकी वाजवायचा. बा मला गाडीनं त्याच्याकडं घेऊन गेला. चुलत्यानं त्याची जुनी ढोलकी पुढ्यात ठेवली, ती मी हलगीसारखी बडवली. "अरं, शेंगा न्हाई झोडायच्यात! बोटानं वाजीव, बोटानं!" ती ढोलकी त्यानं माझ्यापाशीच ठेवली आणि शिकवायला तो आमच्याकडं येऊ लागला. दसऱ्याला आमच्या वस्तीत धम्मदिनाची गाणी असायची. "त्यातली दोन तू वाजवायचीस," म्हणाला. मी मनाशी धरलं होतं, ती दोन बिघडली तर बा ढोलकी परत पाठवणार आणि पुन्हा काही घरात येऊ देणार नाही.

दसऱ्याला हवा दमट. ढोलकी नुसती भद्द वाजत होती. मी रडकुंडीला आलो. दुपारी घरामागं धूर दिसला म्हणून गेलो, तर बा उकिडवा बसून पेंढ्याच्या जाळावर ढोलकी शेकत होता. हलगी अशीच शेकतात, कातडं ताणून टणटणीत होतं. पण ढोलकीच्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावर, काळी शाई असते, तिला आग सोसत नाही. बघता बघता शाई तडकली, खपल्या निघाल्या.

तेवढ्यात चुलता आला. "कुनी शेकली ही?"

"म्या."

"भाऊ, हलगी हाय व्हय ही!" आणि तो पोट धरून हसायला लागला.

बा हसला नाही. "पोरानं आता काय वाजवायचं?" एवढंच म्हणाला. चुलत्याचं हसू थांबलं. त्यानं आपली ढोलकी पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवली. "आज समदी गानी ह्योच वाजवंल. मी झांज धरतो."

तिन्हीसांजेला मी सतरंजीवर बसलो. तिकडं गावात पालखी निघाली होती, हलगी इथपर्यंत ऐकू येत होती. पहिल्याच गाण्याला माझे हात त्या हलगीमागं पळाले. लय सुटली, गाणारा मागं वळून बघायला लागला. चुलत्यानं झांज माझ्या कानाशी आणून जोरात वाजवली, तेव्हा कुठं परत आलो. दुसऱ्या गाण्यापासून पालखी कुठवर गेली मला कळलंच नाही. माणसं डोलत होती, बाया टाळ्या धरत होत्या.

गाणी संपल्यावर मी बाच्या तोंडाकडं बघितलं. वाटलं, आता शाब्बास म्हणेल.

"डावा हात ढिला पडतोय तुजा," बा म्हणाला. "सकाळच्याला बस माज्याम्होरं. म्या दावतो."