डोळ्यांखालचा बाम

ऑनलाइन तासाला कॅमेरा सुरू ठेवायचाच, हा नियम माझाच. परवा सहावा तास चालू होता. दहावीतल्या वेदिकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते न पुसता वहीत आकृती काढत होती.

"रडतेस का गं?" मी विचारलं.

"नाही सर. आईने डोळ्यांखाली बाम लावलाय. झोप येऊ नये म्हणून."

शाळेत मागच्या बाकावर कुणी जांभई दिली की ती वर्गभर पसरायची, मलाही यायची, मग सगळेच हसायचो. इथे प्रत्येकाची जांभई आपापल्या चौकटीत कोंडलेली. दमायचंसुद्धा एकेकट्याने. दोन मिनिटं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं असतं, तर भिंगाचा धडा काही पळून जाणार नव्हता. पण मला पोर्शन संपवायचा होता. मी म्हणालो, "बघा, याला म्हणतात जिद्द. शिका जरा वेदिकाकडून."

मुलं गुणी आहेत, लगेच शिकली. दुसऱ्या दिवशी तास सुरू केला, तर नऊ चौकटींमध्ये डोळे लाल होऊन वाहत होते. कॅमेरे मात्र सगळ्यांचे सुरू होते. मी हजेरी घेतली आणि शिकवायला लागलो.