मैनाबाईचं कोरडं न्हाणं

बालाघाटच्या मैनाबाईला केस धुवायला आठवड्यात एकही वार उरला नव्हता. हसू नका, ज्याच्या डोक्याला खाज सुटते त्यालाच कळतं. तिच्या सासूबाईंनी, चंपाबाईंनी, सगळे वार वाटून टाकले होते. सोमवार नवऱ्याचा, मंगळवार देवीचा, बुधवार भावाचा, शनिवार शनीचा. गुरुवार गुरूचा, तो गुरू कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. एका रविवारी मैनाबाई न्हायली आणि दीर लालबर्राच्या रस्त्यावर सायकलवरून पडला, तेव्हापासून रविवार दिराचा. राहता राहिला शुक्रवार. होळीनंतरच्या शुक्रवारी मैनाबाईनं डोक्यावर पहिला तांब्या ओतला आणि नेमकी तेव्हाच गोठ्यातल्या म्हशीनं वैरण सोडली. चंपाबाईंनी उभ्या उभ्या शुक्रवार म्हशीला देऊन टाकला. होळीचा अर्धा रंग मैनाबाईच्या डोक्यातच राहिला.

वैशाखात राजेगावला तिच्या भावाचं, घनश्यामचं, लग्न होतं. ती एकुलती एक बहीण, म्हणजे करवली. सगळ्या मांडवासमोर नवरदेवाच्या मागे दिवा घेऊन उभं राहायचं, आणि डोकं असं की तिचा नवरा प्रेमलालही वाऱ्याची दिशा बघून जेवायला बसे. माहेरच्या बायका नाकाला पदर लावतील, या विचारानं तिला चुलीपुढे रडू येई.

मग तिनं ठरवलं, पाणी नको तर नको. दोन मुठी तांदळाचं पीठ वस्त्रगाळ केलं, त्यात संत्र्याची वाळकी सालं कुटून घातली आणि उन्हात बसून केसांच्या मुळांशी चोळलं. फणीनं विंचरलं तसा पिठाबरोबर सारा चिकटा निघून आला. संध्याकाळी प्रेमलाल राईस मिलमधून आला आणि परसात पिठानं पांढरं झालेलं पाठमोरं डोकं पाहून, तो आईचा पांढरा पदर समजून, म्हणाला, "माय, मैना कुठी गेली?" दुसऱ्या खेपेला तिनं पिठात धानाच्या कोंड्याची काळी राख चिमूटभर मिसळली. केस काळे, हलके आणि संत्र्याच्या वासाचे झाले.

चंपाबाईंना वास आलाच. "काय करून राह्यली वो? न्हायली का?"

"नाही आत्याबाई. पाणी कुठी हाये याच्यात?"

चंपाबाईंनी पिठाची चिमूट हुंगली, चाखली, थुंकली. पाण्याशिवाय न्हाणं होतं की नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "सोचून सांगतो," म्हणून त्या आत गेल्या.

त्या दोन दिवस विचारच करत राहिल्या. तिकडे राजेगावला निघायचा दिवस उद्यावर आला, आणि आज नेमका शुक्रवार. मैनाबाई पुन्हा पीठ चोळून, केस मोकळे सोडून, गोठ्याला पाठ टेकून बसली आणि उन्हानं तिला डुलकी लागली. म्हशीनं मान लांबवली. तांदळाचं पीठ आणि संत्र्याची सालं. एवढं झकास खाणं तिच्या पुढ्यात कधी आलं नव्हतं. मैनाबाई किंचाळून उठली तेव्हा मुळांपासून शेंड्यांपर्यंत केस म्हशीच्या लाळेनं ओलेचिंब झाले होते.

चंपाबाई धावत आल्या त्या थेट म्हशीकडे. तिच्या पोटाला कान लावला, डोळे उघडून पाहिले. मग दिवसभर तिच्यासमोर बसून राहिल्या. म्हैस खाऊन पिऊन रवंथ करत होती. संध्याकाळी दूधही रोजच्याएवढंच दिलं. मैनाबाई कोपऱ्यात चिकट केस घेऊन बसली होती. उद्या राजेगावला जायचंच नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"मैना, ऊठ," चंपाबाई म्हणाल्या. "पाणी तापव. म्हशीनंच आपला वार सोडला तं मी काहून धरू?"

चंपाबाईंनी स्वतः शिकेकाई लावून सुनेच्या डोक्यावर तांब्यावर तांबे ओतले. होळीचा रंग निथळून दगडावरून वाहत गेला. मैनाबाई हसत होती आणि रडतही होती.

ती केस पिळून उठली, तर तिच्या जागी सासू येऊन बसली. जन्मात कधी न सुटलेला डोक्यावरचा पदर चंपाबाईंनी खाली टाकला. आत केस नव्हतेच, नुसता जटांचा एक गठ्ठा होता.

"आत्याबाई, हे काय?"

"माह्या सासूनं शुक्रवार बैलाच्या नावानं ठेवला होता," चंपाबाई म्हणाल्या. "बैल मेला, मंग सासूबी मेली. मले कोणी सांगतलंच नाही, का आता न्हा म्हणून."