लवकर संपवणारी मुलगी

चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत उभा राहून तो दिवसभर एकच प्रश्न विचारतो. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट चढवायची, तिच्यात एकामागून एक काचा सरकवायच्या आणि म्हणायचं, "हे बरं, की हे?" पहिल्या एक-दोन काचांना लोक ठणठणीत उत्तर देतात. मग घुटमळायला लागतात आणि शेवटी म्हणतात, "तुम्हीच सांगा ना." चष्मेवाला कधी वैतागत नाही. आपल्याला काय दिसतंय हे माणसाला धड सांगता येत नाही, याची त्याला सवय झाली आहे.

सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिकेने मात्र त्याला विचारलं, "तुम्हाला नेमकं हवंय काय?", तेव्हा त्याचीच त-त-प-प झाली.

प्रश्न त्याच्या मुलीचा होता. मुलगी चौथीत. दुकानाचे मालक तिला वकिलीणबाई म्हणतात, कारण ती दुकानात आली की चष्म्याचा नंबर उणे कसा असू शकतो इथपासून उलटतपासणी सुरू होते. वर्गात ती सगळ्यांच्या आधी गणितं संपवायची आणि मग नुसती बसायची. वर्गाच्या बाईंकडे एका वर्गात पन्नासेक मुलं. त्यांनी सोपी वाट काढली. हिच्या हातात लाल पेन्सिल दिली आणि इतरांच्या वह्या तपासायला लावल्या.

चष्मेवाल्याला हे कळलं तेव्हा तो तडक शाळेत गेला. "मी पोरीला शिकायला पाठवतो, शिकवायला नाही," हे वाक्य त्याने वाटेत जुळवून ठेवलं होतं आणि ते चांगलं वठलंही. पण पुढचं वाक्य तयार नव्हतं.

ते सेक्रेटरीबाईंकडे होतं. या बाई कुठल्याच संस्थेच्या सेक्रेटरी नव्हत्या. त्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसायच्या. चार माणसं जमली की हातात कागद-पेन घेऊन त्यांच्या मधोमध बसायची सवय, म्हणून हे नाव. त्यांचाही मुलगा हुशार होता. त्यांनी आणखी तीन-चार घरं गोळा केली. दर रविवारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमायचे. पैसेवाल्यांच्या शाळांत हुशार मुलांसाठी वेगळी सोय असते, मग आपल्या शाळांत का नको, हा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. पालकांनी शाळेच्या इतक्या खेपा घातल्या की शिपाई त्यांना बघून आपणहून बाक पुसायला लागला.

शेवटी शाळा नमली. वह्या तपासणं बंद झालं. जो लवकर संपवेल त्याला जादा गणितं मिळू लागली. सेक्रेटरीबाईंनी त्या रविवारी चहाबरोबर केक ठेवला.

दोनेक महिन्यांनी वर्गाच्या बाईंनी चष्मेवाल्याला बोलावून घेतलं. "रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमची मुलगी आता सगळ्यांसारखीच झालीय. घंटा होते तेव्हाच तिचं गणित संपतं. घरी काही झालंय का?"

घरी काहीच झालं नव्हतं. संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून शेंगा सोलत होती, आई पोळ्या लाटत होती. त्याने विचारलं तर तिने मान वर न करता सांगितलं, "लवकर संपवलं की आणखी देतात. म्हणून मी सावकाश करते."

"पण ती गणितं अवघड असतात ना? तुला आवडतील अशी?"

"सोपीच असतात बाबा. नुसती लांब असतात."

"मग आधीच का नाही बोललीस?"

"तुम्ही केक खाऊन आला होतात ना."

आई खुदकन हसली. चष्मेवाला हसला नाही.

"वह्या तपासायला मजा यायची," मुलगी म्हणाली. "मागच्या बाकावरची ती उंच मुलगी आहे ना, ती बेरीज डावीकडून करते. आधी दशक, मग एकक, आणि मध्येच पुसून आकडा वाढवते. तरी उत्तर बरोबर येतं. ते कसं काय, ते मी शोधत होते. अर्धं सापडलं होतं, तेवढ्यात तुम्ही बंद केलंत."

मुलगी शेंगांची टरफलं टाकायला बाहेर गेली. चष्मेवाला बायकोकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "शाळेत जायच्या आधी तिला विचारलं होतंत?"

"तू तरी विचारलंस का?"

"नाही ना. म्हणून तर ओरडत नाहीये."

पुढच्याच दिवशी शिक्षण अधिकाऱ्यांबरोबर बैठक होती. हुशार मुलांसाठी वेगळा वर्ग मागायचा होता, आणि गोड बोलतो म्हणून बोलायचं काम चष्मेवाल्यावर आलं होतं. वर्ग मिळाला तर मुलीला जोडीची मुलं मिळतील. पण ती उंच मुलगी सुटेल. नाही मिळाला तर मुलगी घंटेपर्यंत गणित पुरवत बसेल आणि एक दिवस तिला खरोखरच तेवढा वेळ लागायला लागेल. ही शेवटची भीती त्याला सर्वांत मोठी वाटत होती. पण तिच्यावर औषध कोणतं, हे काही केल्या ठरेना.

अधिकारी सज्जन होते. फायली बाजूला सारून त्यांनीही तेच विचारलं, "बोला, नेमकं काय हवंय?"

"साहेब," चष्मेवाला म्हणाला, "मागच्या वेळी जे मागितलं ते मिळालं. ते चुकीचं होतं. आता जे मागतोय ते बरोबर आहे की नाही, ते मला कळत नाही. पण काहीतरी हवंय, एवढं नक्की."

सेक्रेटरीबाईंनी टेबलाखाली त्याचा पाय दाबला. अधिकारी म्हणाले, "चला, एक तरी माणूस खरं बोलला." पुढचं सेक्रेटरीबाईंनी आपल्या हातात घेतलं आणि तासाभरात मिळवलंही. जवळच्या एका मोठ्या शाळेत आठवड्यातून दोन दुपारी वर्ग, आधी करून बघायचा म्हणून. बाकी दिवस आपापल्या शाळेत.

बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आमच्या बाजूचे ना?"

"आहे हो. बाजू कुठली, तेच बघतोय."

घरी त्याने या वेळी आधी विचारलं. मुलीने सगळं ऐकून घेतलं. "तिथे सगळे हुशार असणार?"

"हो."

"मग चुकणार कोण?"

आई म्हणाली, "जाऊन तर बघ. नाही आवडलं तर सोडून दे. तुझे बाबा बंद करण्यात तरबेज आहेत."

पहिल्या दुपारी चष्मेवाला मोठ्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. दुकानात त्याने काहीतरी थाप मारली होती. मुलं बाहेर आली. सेक्रेटरीबाईंचा मुलगा आईला काहीतरी रंगवून सांगत गेला. त्याची मुलगी सगळ्यात शेवटी आली. कान लाल झालेले.

"कसं होतं?"

"माझं उत्तर चुकलं. सगळ्यांसमोर."

तिला समजावायला तो खाली वाकला. पण तोवर ती चालायलाही लागली होती, दप्तर एका खांद्यावर, मान खाली. घराचं वळण आलं आणि गेलं, तिचं लक्षच नव्हतं. तिला हाक मारावी की नाही हे न कळून तो मागून चालत राहिला. ती रडत होती की मनात गणित मांडत होती, ते पाठमोरं काही दिसत नव्हतं.