तिसरा रकाना

"स्क्वॉलिड," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

फळ्यावर अर्थ लिहिला होता. गलिच्छ, राहण्याच्या लायकीचं नसलेलं. "चेहरा कोणाचा?" सरांनी विचारलं. "अरे, तलावाच्या काठचं घर, कुडाच्या भिंती, दारात मासे वाळत घातलेले. कोणी लिहिला होता तो निबंध?" सगळा वर्ग माझ्याकडे वळून हसला. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण ते लपवलं तर पुढचं सगळं खोटं होईल.

लाखनीला हायवेवर, हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचा क्लास. खालून ट्रक गेला की खिडकीच्या काचा वाजायच्या. परदेशात शिकायला जाण्याआधी इंग्रजीची जी परीक्षा असते, तिची ही वरची बॅच. साधं इंग्रजी सगळ्यांना यायचं. इथे फक्त कठीण शब्द, रोज वीस. वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात ओळखीचा एक चेहरा. "शब्द मोकळा सोडला की पळतो," सर म्हणायचे. "चेहऱ्याला बांधा. मरेपर्यंत विसरणार नाही." आणि खरंच कोणी विसरत नव्हतं.

मी ढिवराची मुलगी. गाव एकोडीकडचं. तलावातले मासे आणि शिंगाडे, यावरच आमचं पोट. पहिल्याच आठवड्यात सरांनी घरावर निबंध लिहायला सांगितला आणि मी मूर्खासारखं सगळं खरं लिहिलं. बाबा छातीइतक्या पाण्यात उतरतात, काटे बोटांत मोडतात, शिंगाडे उकडून सोलताना आईचे हात काळे पडतात. मला त्या निबंधाचा अभिमान वाटला होता. सरांनी तो परत दिलाच नाही. त्यातली एकेक गोष्ट ते रोज बाहेर काढत गेले.

उद्याच्या शब्दांची यादी आजच मिळायची. एसटीत बसले की मी ती उघडायची, पण पाठ करायला नाही. यातला माझा कोणता, ते हुडकायला. हुशारीचे, देखणेपणाचे शब्द राइस मिलवाल्यांच्या, डॉक्टरांच्या मुलांकडे जायचे. वास मारणारा, अडाणी, हलक्या कामाचा, असले माझ्याकडे. माझा अंदाज कधी चुकला नाही. मी जिना चढायची आणि तो शब्द येईपर्यंत मला बाकी काही ऐकू यायचं नाही.

सोडून का दिलं नाही? परदेशातल्या कॉलेजला सरांचं शिफारसपत्र लागणार होतं. आमच्या गावातून तिकडे कोणी गेलेलं नव्हतं. मला जायचं होतं.

शेजारी बसणारी पल्लवी चांगली मुलगी होती. डबा वाटून खायची. एकदा माझा क्लास बुडाला म्हणून तिची वही घेतली. तिसऱ्या रकान्यात माझं नाव. पान उलटलं, पुन्हा माझं नाव. तिनं वही ओढून घेतली. "परीक्षेपुरतं आहे गं, मनावर नको घेऊ." तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण तिनं खोडलं नाही. आणि बाकीच्या सगळ्या वह्यांत काय लिहिलं असेल, ते मला न उघडताच कळलं.

मग सरांनी पालकांना बोलावलं. सोमवारी त्यांच्यासमोर वर्ग. एसटीत सोमवारची यादी उघडली. सतरावा शब्द, सर्वाइल. मालकापुढे वाकणारा, लाचार.

घरी आले तर बाबा पिशवीत शिंगाडे भरत होते.

"बाबा, तुमी नोका येऊ."

"काहून?"

"काही काम नाही तुमचं तिथं."

"पयल्या तोडणीचे शिंगाडे गुरूच्या घरी गेलेच पायजे. शिकवून राहिला ना तो तुले?"

आमच्याकडे तशी रीतच आहे. ज्याच्याकडून काही घेतलं, त्याच्या दारी पहिली तोडणी न्यायची. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

सोमवारी पालक मागच्या खुर्च्यांवर बसले. बाबांनी चपला जिन्यात काढल्या. दुसऱ्या कोणीच काढल्या नव्हत्या. शिकवणं चालू आहे म्हणून ते पिशवी मनगटाला अडकवून, हात जोडून दारातच उभे राहिले. सोळा शब्द झाले. खालून ट्रक गेला, काचा वाजल्या.

"सर्वाइल," सर म्हणाले आणि दाराकडे पाहिलं. त्या दिवशी ते सगळं इंग्रजीतच बोलत होते. म्हणाले, आज चेहरा शोधायला नको, तो स्वतःच्या पायांनी आला आहे. वर्ग हसला. बाबांना वाटलं, सर आपलं स्वागत करताहेत. तेही हसले आणि आणखी वाकले.

मी उभी राहिले. मीही इंग्रजीतच बोलले, त्यांच्याच शब्दांत.

"सर, चेहरा चुकला. हा माणूस तुमच्याकडे मागायला आलेला नाही, द्यायला आलाय. तुम्ही पाहिलं की हसणारे आम्ही लाचार आहोत. पहिलं नाव माझं लिहा. मी तीन महिने हसले आहे."

सर जवळ आले आणि हळूच मराठीत म्हणाले, "पत्र विसर आता."

मी बाबांच्या हातून पिशवी घेतली. "चला बाबा. चपला घाला." जिन्यात त्यांना सगळं सांगितलं, शब्दाच्या अर्थासकट. एसटी साकोली सोडून निघाली तेव्हा बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मीबी हासलो ना वं."

बाबांच्या त्या वाक्यासाठी मी सरांना कधीच माफ करणार नाही.

पत्र मिळालं नाही. पल्लवी परदेशात गेली. तिथे कुठल्यातरी वर्गात त्या यादीतला एखादा शब्द येईल आणि तिला माझा चेहरा दिसेल. तिची इच्छा असो वा नसो. त्या वह्यांतून माझं नाव मला पुसता येणार नाही.

पण माझी वही माझ्याकडे आहे आणि शब्द मला सगळे येतात. पत्राशिवाय घेणारं कॉलेज मी शोधते आहे. परीक्षा देणार आहे. आणि रोज बसून तिसरा रकाना नव्यानं भरते आहे. क्रूर या शब्दापुढे सरांचं नाव लिहिलं, तारीख टाकली, ते काय बोलले तेही लिहिलं. भेकडपुढे पल्लवीचं, त्याखाली माझं. वर्गातलं एकही नाव मी सोडणार नाही.