गोरीची चिंधी

मावशी आजारी पिलाकडे आधी बघायचीच नाही. कुणी डुकराचं पिलू गोणीत घालून आणलं, तरी तिची मान वर व्हायची नाही. "पिलाचं मागून बघू. आईचं सांग. कितवं वेत? मागच्या पिलांचं दूध तोडल्यावर किती दिवसांनी नर दाखवून फळवली? तवा अंगावर मास होतं का नव्हतं?" सोयरीक जुळवतानाही कुणी इतकी चौकशी करत नाही. समोरचा वैतागायचा, "मावशे, पिलू मरायलं इथं!" मावशी थंडपणे म्हणायची, "मरायलं आज. बिघडलं ते जन्माच्या आदी." तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आजही कुणी पिलू दाखवलं की माझ्या तोंडून आधी तिचाच प्रश्न निघतो.

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे तिचा डुकरांचा वाडा होता आणि सगळी वस्ती तिला मावशीच म्हणायची. मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नवा ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारा, डॉक्टरच्या हाताखालचा. ती मला डॉक्टर म्हणायची आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. मी डुकरांना सुया टोचतो हे कळल्यावर आईनं माझ्यासाठी बाहेरच्या नळापाशी वेगळा साबण ठेवला. बरेच दिवस मीही नाक दाबूनच तिथे जायचो, खोटं कशाला बोलू?

प्रत्येक डुकरिणीच्या खोपटाला जुन्या लुगड्याची एक चिंधी लोंबायची. एक वेत, एक गाठ. मधे एक माज सोडून डुकरिणीला विसावा दिला असेल, तर पुढची गाठ चार बोटं सोडून. लगेच फळवली असेल, तर गाठीला गाठ चिकटून. "चिकट गाठीची पिलं दुधावर हायेत तवर झ्याक दिसत्यात," ती सांगायची. "दूध तोडलं की बसत्यात. आईच वाळलेली, ती काय देणार?"

मला हा सगळा अडाणीपणा वाटायचा. एकदा फवारणीला गेलो, तेव्हा मावशी टँकरवर पाण्याला गेली होती. माझ्या अंगात स्वच्छता संचारली आणि त्या सगळ्या घाण चिंध्या मी गोळा करून पेटवून दिल्या!

ती आली. राखेकडे बघितलं. मला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार. हंडा उतरवून ती एवढंच म्हणाली, "तुम्ही शिकलेले ना वो, डॉक्टर?" ते वाक्य आठवलं की अजून माझे कान तापतात.

मग तिनं जुनं लुगडं फाडलं, मला समोर बसवलं आणि एकेकीची वेतं आठवून गाठी मारायला लागली. सगळ्यांचं जमलं, गोरीपाशी अडली. गोरी देखणी, उंचीपुरी, माझी लाडकी. तेव्हा दुसऱ्यांदा गाभण होती. "पहिल्या वेतानंतर हिचा माज सोडला होता का आपण?" मी ठोकून दिलं, "सोडला होता. मला पक्कं आठवतंय." मला काहीएक आठवत नव्हतं. अंगावरचा ठपका लवकर पुसायचा होता, बस.

त्याच उन्हाळ्यात वाड्याच्या जागेवर प्लॉटिंगचे चुन्याचे पट्टे पडले. शहर स्टेशन ओलांडून आलं होतं. चितेगावला तिच्या भावाच्या रानात जागा मिळाली, पण दुष्काळात तिथलं पाणी दोनच डुकरिणींना पुरणार होतं. दोन नीट निवडल्या तर वाडा पुन्हा उभा राहील, नाहीतर मावशीचं सगळं संपलं. तिनं चिंध्या हातात घेतल्या. कान फाटलेली म्हातारी काळी ठेवली. तिच्या सहा गाठी, सगळ्या ऐसपैस. दुसरी ठेवली गोरी, माझ्या शब्दावर.

चितेगावला गोरी व्यायली. नऊ गुबगुबीत पिलं! मी फुशारून गेलो. पण दूध तोडलं आणि आठवड्यात त्यांची पाठीची हाडं दिसायला लागली, केस राठ झाले. काळीची पिलं खाण्यावर तुटून पडायची, गोरीची भर उकाड्यात कोपऱ्यात कुडकुडत बसायची. चार गेली. मग माझ्यानं राहवेना.

"मावशी, मला आठवत नव्हतं. मी खोटं बोललो."

ती गोरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वाटलंच मला. पर आता तोंड पाडून बसू नगा. हिचा माज सोडायचा."

भाऊ भडकला. "रिकाम्या डुकरिणीला पाणी कामून पाजायलीस? इकून टाक!" पावसाचा पत्ता नव्हता. मावशी बधली नाही. कंपन्यांच्या कँटीनमधलं उरलंसुरलं डोक्यावर वाहून तिनं गोरीला खाऊ घातलं, अंघोळीचं पाणीसुद्धा साठवून वापरलं. गोरी माजावर आली आणि शेजारचा नर कुंपणाशी घुटमळायला लागला, तेव्हा काठी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. "आज नाय म्हंजे नाय!" पुढच्या माजाला मात्र स्वतःच फाटक उघडलं.

माझी कन्नडला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा गोरीच्या नव्या पिलांचं दूध तोडून पंधरवडा झाला होता. दहाच्या दहा पिलं डोकी खुपसून खाण्यावरून भांडत होती. मला रडूच आलं.

मावशीनं गोरीची चिंधी माझ्या हातात दिली. त्या जाळपोळीनंतर तिनं मला एकाही चिंधीला हात लावू दिला नव्हता. या वेताची गाठ तिनं अजून मारली नव्हती.

"तुम्ही बांधा, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही, मावशी. ड्रेसर आहे."

"म्हाईत हाय मला, पहिल्या दिसापासून," ती म्हणाली. "चार बोटं सोडून बांधा."